राजाला विचारलेले प्रश्न आपण नोकरांना का ऐकवतोय?

लीडरशिपच्या ट्रेनिंगमध्ये आजकाल गीता, रामायण, चाणक्य यातलं काही ना काही असतंच आणि त्याला माझी अजिबात हरकत नाही, उलट मला हे ग्रंथ मनापासून आवडतात म्हणूनच हे लिहायला बसलोय. माझं भांडण वेगळं आहे. या ग्रंथांत नेतृत्वाबद्दल जे काही सांगितलंय ते जवळपास सगळं खुर्चीवर बसलेल्या माणसाला सांगितलंय, त्याला समोर बसवून एकेक गोष्ट विचारलीय, आणि आपण तेच उचलून खुर्चीपुढे हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला ऐकवतो. राजाने काय काय करायलाच हवं याची जी यादी होती ती नोकराने काय काय सहन करावं याची यादी होऊन बसली. हे मला फार चुकीचं वाटतं, आणि ते नुसतं ग्रंथांवर अन्याय म्हणून चुकीचं नाही, त्यात जिवंत माणसांचा पगार, रजा, मान सगळं अडकलेलं आहे.

सगळ्यात जास्त वापरला जाणारा श्लोक घ्या, कर्मण्येवाधिकारस्ते, दुसऱ्या अध्यायातला ४७ वा. इन्क्रिमेंट हातात आलं आणि तोंड पडलं की हा श्लोक, ओव्हरटाईमचं विचारलं की हा श्लोक, प्रमोशन दुसऱ्याच कोणाला मिळालं की पुन्हा हाच. फळाची अपेक्षा ठेवू नका, काम करत राहा. पण ज्याला हे सांगितलं तो अर्जुन कोण होता? तो महिन्याच्या पगारावर घर चालवणारा माणूस नव्हता, तो राजपुत्र होता, स्वतःच्या राज्यासाठी लढायला उभा होता, पांडवांच्या बाजूचा सगळ्यात मोठा योद्धा. त्याला सांगितलं की जय-पराजयाच्या हिशोबात अडकू नकोस. आणि ठरलेला पगार म्हणजे काही फळ नव्हे हो, ते देणं आहे, एका बाजूने काम झालंय आणि दुसऱ्या बाजूने पैसे यायचेत, यात निष्काम कर्माचा संबंधच कुठे येतो. बरं, गीतेत थेट नेतृत्वाबद्दलचा श्लोक आहे की, तिसऱ्या अध्यायात २१ वा, यद्यदाचरति श्रेष्ठः, मोठा माणूस जसा वागतो तसंच बाकीचे लोक वागतात. तो कुठल्या ऑफिसच्या भिंतीवर लावलेला मी अजून तरी पाहिला नाही, कारण तो लावला की भिंतीसमोर साहेबाला उभं राहावं लागतं.

अजून एक गोष्ट, जी मला गीतेतली सगळ्यात मोठी लीडरशिपची गोष्ट वाटते. अर्जुन गप्प बसून ऐकत नाही. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो कृष्णाला म्हणतो की तू असं उलटसुलट बोलून माझ्या बुद्धीचा गोंधळ उडवतोयस, एक काय ते नक्की सांग. साक्षात कृष्णाला! आणि कृष्ण रागावत नाही, पुन्हा समजावतो, अठरा अध्याय समजावतो, आणि शेवटी काय म्हणतो तर यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं ते कर. यथेच्छसि तथा कुरु. अठराव्या अध्यायात ६३ वा श्लोक. आपल्याकडे मिटिंगमध्ये कोणी "सर, मला हे पटत नाहीये" म्हणालं तर वर्षअखेरीच्या अप्रेझलमध्ये त्याचा ॲटिट्यूड निघतो. मग गीता शिकवून उपयोग काय, तिच्यातली बोलायची पद्धत जर घ्यायचीच नसेल तर.

आता रामायण. अयोध्याकांडात, प्रचलित प्रतींमध्ये जो १०० वा सर्ग आहे तो एकदा तरी प्रत्येकाने वाचावा असं मला वाटतं. भरत चित्रकूटला आलाय, जटा वाढलेल्या, वल्कलं नेसलेली, रडून रडून थकलेला. राम त्याला जवळ घेतो, मांडीवर बसवतो आणि विचारायला लागतो. वडील कसे आहेत असं विचारतो, दशरथ गेल्याचं त्याला अजून माहीतच नाहीये, आणि मग एकदम राज्य कसं चालवतोयस याच्यावर येतो आणि प्रश्नांमागून प्रश्न. सल्ला एकट्यानेच घेत नाहीस ना, आणि फार लोकांना गोळा करून पण घेत नाहीस ना? हजार मूर्खांपेक्षा एक जाणता माणूस जवळ असावा असं वाटतं ना तुला? श्रीमंत आणि गरीब यांचा तंटा आला तर तुझे अमात्य पैशाकडे न बघता निवाडा करतात ना? चोर पुराव्यासकट पकडला गेलाय आणि पैसे चारून सुटला असं होत नाही ना? आणि त्यातच हा:

कच्चिद् बलस्य भक्तं च वेतनं च यथोचितम् ।
संप्राप्तकालं दातव्यं ददासि न विलम्बसे ॥

सैन्याचा शिधा आणि पगार, जेवढा ठरलाय तेवढा, वेळ झाली की देतोस ना, लांबवत नाहीस ना? आणि पुढच्याच श्लोकात कारण पण सांगितलंय की शिधा आणि पगार द्यायची वेळ टळली की माणसं मालकावर चिडतात, बिघडतात, आणि त्यातून फार मोठा अनर्थ होतो. बघा, इथे माणसांना संयमाचा उपदेश केलेला नाही. माणसं चिडणारच हे गृहीत धरलंय आणि जबाबदारी सरळ उशीर करणाऱ्यावर टाकलीय. वनवासात बसलेला माणूस, ज्याच्याकडे आता ना सैन्य ना तिजोरी, तो धाकट्या भावाला पगाराचं विचारतो हे मला दरवेळी वाचताना लागतं. त्याच सर्गात अजून एक श्लोक आहे, खोटा आळ ज्यांच्यावर घेतला गेला अशा माणसांच्या डोळ्यांतून जे अश्रू पडतात ते, आपल्या मर्जीसाठी राज्य करणाऱ्या राजाची मुलंबाळं, गुरंढोरं सगळं नष्ट करतात. ज्यांनी ऑफिसमध्ये एखाद्याला चौकशी न करता बळीचा बकरा केलेलं पाहिलंय त्यांना हा श्लोक समजावून सांगायची गरज पडणार नाही.

महाभारतात हेच काम नारद करतात. सभापर्वाच्या सुरुवातीला, मयसभा नुकतीच बांधून झालीय, युधिष्ठिर थाटात बसलाय, पाहुणे आलेत, आणि नारद येऊन त्याचं कौतुक करायच्या ऐवजी एक आख्खा अध्याय भरून प्रश्न विचारतात. तुझ्या राज्यात ठिकठिकाणी मोठे भरलेले तलाव आहेत ना, शेती नुसती पावसाच्या भरवशावर तर नाही ना? अडचणीत आलेल्या शेतकऱ्याला बी आणि धान्य मिळतं ना, कर्ज देताना सवलत देतोस ना? कारागिरांना लागणारं सामान आणि हत्यारं चार-चार महिन्यांची नीट पोचवतोस ना? आंधळे, मुके, पांगळे, ज्यांना कोणी नाही अशांना बापासारखं सांभाळतोस ना? आणि एक प्रश्न असा की वाचताना थांबावंच लागतं, तुझ्यासाठी जे मेले त्यांच्या बायकांना तू पोसतोस ना?

ज्या पुण्यात ही असली ट्रेनिंगं दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या हॉटेलात चालू असतात त्याच पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, हजाराच्या वर हस्तलिखितं गोळा करून, ओळीन् ओळ ताडून बघून. म्हणजे मूळ ग्रंथ आपल्या दाराशी आहे, मराठीत भाषांतरं आहेत, कोणालाही उघडून बघता येतो. तरी स्लाईडवर तेच चार श्लोक फिरतात जे व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंगबरोबर येतात. नारदाचा हा अध्याय का येत नाही? माझ्या मते सरळ आहे, ट्रेनिंगचं बिल जो देतो त्याला प्रश्न विचारलेले चालत नाहीत.

मी एका कंपनीत असताना असं एक सेशन झालं होतं, नाव घेत नाही. पहिल्या स्लाईडवर रथ, चार पांढरे घोडे, शंख, मागे बासरी वाजतेय. बोलणारे गृहस्थ चांगले बोलायचे, आवाज छान, संस्कृत स्वच्छ, आणि विषय होता ओनरशिप, म्हणजे कंपनी आपलीच आहे असं समजून काम करा. मध्ये चहाची सुट्टी झाली. चहाच्या टेबलामागे आमच्याच हाऊसकीपिंगच्या बायका उभ्या होत्या, कॉन्ट्रॅक्टवरच्या, त्यांचा दोन महिन्यांचा पगार झाला नव्हता आणि हे सगळ्या फ्लोअरला माहीत होतं. त्यातल्या एका मावशींनी कप पुढे करता करता एचआरच्या साहेबांना हळूच विचारलं, "साहेब, पगाराचं काय झालं का?" आणि साहेब म्हणाले, "मावशी, ते आमच्याकडे नाही येत, ते तुमच्या कॉन्ट्रॅक्टरला विचारा." वाईट माणूस नव्हता तो, खरंच त्याला तसंच वाटत होतं. मावशींनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला कप दिला. मग आम्ही परत आत जाऊन कर्मयोग ऐकला.

हे "कॉन्ट्रॅक्टरला विचारा" प्रकरण कायद्याने पण खरं नव्हतं, हे मला नंतर कळलं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच होतं की कंत्राटदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर तो मूळ मालकाने द्यायचा आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायचा. १९३६ च्या पगाराच्या कायद्यात महिना संपल्यावर सात दिवसांत पगार, मोठ्या ठिकाणी दहा दिवसांत, अशी मुदत घातली होती. म्हणजे वाल्मीकींच्या श्लोकातला "विलम्बसे" किती दिवसांनी सुरू होतो ते सरकारने आकड्यात लिहून दिलं होतं. त्या दिवशी जर बासरीच्या जागी तो श्लोक स्क्रीनवर असता तर एचआरवाल्या साहेबांना चहाच्या टेबलापाशी तेवढ्या सहज उत्तर देता आलं नसतं असं मला मनापासून वाटतं. ग्रंथाची ताकद ही इथे आहे. युनियनचा पुढारी म्हणाला तर "राजकारण करतोय" म्हणून सोडून देता येतं, रामाने विचारलं तर तसं म्हणता येत नाही.

कौटिल्याबद्दल पण थोडं, कारण चाणक्यनीती म्हटलं की लोकांना फक्त डाव, गुप्तहेर आणि शत्रूला कसं संपवायचं एवढंच आठवतं, आणि ते त्यात आहे, भरपूर आहे, नाकारायचं कारण नाही. पण अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात, म्हणजे पहिल्या भागात, राजाचा दिवस कसा जावा हे नाडिका या जुन्या वेळेच्या मापाने भाग पाडून दिलंय आणि तिथे म्हटलंय की काम घेऊन आलेल्या माणसाला दाराशी ताटकळत ठेवू नये, कारण जो राजा भेटायलाच अवघड असतो त्याच्याकडून जवळची माणसं करायचं ते न करता भलतंच करून घेतात. केबिनच्या बाहेर बसलेल्या पीएची सत्ता किती असते हे ज्याला सरकारी ऑफिसात एका सहीसाठी खेटे घालावे लागलेत त्याला बरोबर माहीत आहे. पाचव्या अधिकरणात पगाराचा तक्ता आहे, सगळ्यात वर ४८,००० पण (पण म्हणजे त्या काळचं नाणं) आणि सगळ्यात खाली ६० पण, त्यातली दरी बघून मला काही बरं वाटत नाही, पण त्याच प्रकरणात असं पण आहे की कामावर असताना जो मेला त्याच्या बायकामुलांना शिधा आणि वेतन मिळावं. नारदाचा प्रश्न आणि कौटिल्याचा नियम एकच आहे. आज अनुकंपा तत्त्वावरच्या नोकरीसाठी पोरं वर्षानुवर्षं यादीत थांबतात, वयाची अट उलटते, आणि बापाचा फोटो भिंतीवर.

आता मला ज्या प्रसंगाबद्दल खरं तर सगळ्यात जास्त लिहायचंय तो सांगतो. द्रोणपर्व. अभिमन्यू मारला गेलाय आणि अर्जुनाने प्रतिज्ञा केलीय की उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन नाहीतर अग्नीत प्रवेश करीन. याच्यापेक्षा कडक डेडलाईन जगात कोणाला असेल असं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लढाई, एकामागून एक व्यूह फोडत चाललेत, अवंतीचे राजपुत्र विंद-अनुविंद मारून झालेत, सूर्य कलायला लागलाय आणि जयद्रथ अजून लांब आहे. घोडे थकलेत, अंगात बाण रुतलेत, तहानलेत. आणि अर्जुन काय करतो, तर रथ थांबवतो. भर रणांगणात, चारी बाजूंनी शत्रू असताना, कृष्णाला म्हणतो घोडे सोड आणि त्यांचे बाण काढ. स्वतः रथातून खाली उतरतो आणि जमिनीवर उभा राहून सगळ्यांना अडवतो. पाणी नाही म्हटल्यावर बाणाने जमीन फोडून पाणी काढतो, बाणांचाच आडोसा उभा करतो. आणि कृष्ण, ज्याला पुढे आपण जगद्गुरू म्हटलं, तो घोड्यांच्या अंगातले बाण एकेक करून उपसतो, हाताने त्यांना चोळतो, पाणी पाजतो, आंघोळ घालतो, चारा देतो, थोडं फिरवतो, थकवा गेलाय याची खात्री करतो आणि मगच पुन्हा रथाला जुंपतो. समोरचे कौरव योद्धे बघत राहतात.

या प्रसंगावर मी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये एक शब्द ऐकलेला नाही आणि माझं म्हणणं आहे की लीडरशिपवर बोलायचं तर इथूनच सुरुवात करा. ज्या दिवशी सगळं पणाला लागलं होतं, स्वतःचा जीव पण, त्या दिवशी थांबून घोड्यांना पाणी पाजलं. आपल्याकडे क्वार्टर एंड आला की रविवारी पण बोलावतात, माणूस आजारी आहे म्हणाला तर "अरे दोन दिवस काढ रे, मग घे रजा". एसटीचे ड्रायव्हर डबल ड्युटी करतात, हॉस्पिटलचे निवासी डॉक्टर सलग किती तास उभे असतात ते त्यांनाच विचारा, ऊसतोड मजुरांच्या टोळीत बाई आजारी पडली तर खाडा कापला जातो. आणि त्या सगळ्यांना आपण सांगतो की अर्जुनासारखं फक्त पोपटाचा डोळा बघ! अहो तो शिष्य होता तेव्हाचा अर्जुन. सेनापतीच्या तोडीचा झाल्यावर त्याने घोड्याचा डोळा बघितला.

दुसरा प्रसंग द्यूतसभेचा. ज्या युधिष्ठिराने नारदाचे सगळे प्रश्न ऐकले होते, तुम्ही सांगता तसंच करीन म्हणाला होता, तोच पुढे राज्य, भाऊ, स्वतःला आणि मग द्रौपदीला पणाला लावतो. म्हणजे यादी पाठ असून भागत नाही, हे महाभारताने स्वतःच दाखवून ठेवलंय, तेही त्याच पर्वात. आणि तिथे सगळ्यात मोठा प्रश्न कोण विचारतं? जिच्या हातात काहीच नाही ती. प्रातिकामी, म्हणजे दुर्योधनाचा नोकर, तिला न्यायला येतो तेव्हा ती त्याला परत पाठवते, जा आणि विचार, तो आधी स्वतःला हरला का मला? सभेत भीष्म आहेत, द्रोण आहेत, धृतराष्ट्र आहे, कोणी उत्तर देत नाही. भीष्म म्हणतात धर्म सूक्ष्म आहे. विकर्ण, दुर्योधनाचाच भाऊ, एकटा उभा राहून म्हणतो की हे चूक आहे, तर कर्ण त्याला पोरगा म्हणून गप्प करतो. विदुर बोलतो, पण त्याचं कोणी ऐकत नाही.

मग हे मोठे मोठे लोक गप्प का होते? याचं उत्तर भीष्म खूप पुढे, युद्ध सुरू व्हायच्या तोंडावर, युधिष्ठिर पाया पडायला येतो तेव्हा देतात. माणूस पैशाचा दास आहे, पैसा कोणाचा दास नाही, आणि मी कौरवांच्या पैशाने बांधला गेलोय. एवढा मोठा माणूस आणि किती सरळ सांगून टाकलं. म्हणून मी म्हणतो की पगार आणि सत्य बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. ज्याचा पगार साहेबाच्या मर्जीवर आहे तो साहेबाला खरं सांगणार नाही, आणि ज्याला खरं कळत नाही तो साहेब एक दिवस सगळं घालवून बसणार. विदुर धृतराष्ट्राला सांगतोच की गोड बोलणारे पाहिजे तेवढे मिळतात, कडू पण हिताचं बोलणारा दुर्मिळ आणि ते ऐकून घेणारा पण दुर्मिळ, म्हणजे साधारण असंच, शब्द इकडेतिकडे. हेच वाक्य रामायणात मारीच रावणाला ऐकवतो. दोन्ही ग्रंथांत ऐकणारा ऐकत नाही आणि दोन्ही ग्रंथांत कुळाचा नाश होतो.

याच्यावर एक आक्षेप येणार आणि तो यायलाच पाहिजे, की हे ग्रंथ ज्या समाजातून आले तिथे वरच्याने वर राहायचं आणि खालच्याने खाली हे ठरलेलंच होतं, त्यांच्याकडून कसले नेतृत्वाचे धडे घ्यायचे. एकलव्याचा अंगठा याच महाभारतात मागितला गेलाय, लाडका शिष्य पहिला राहावा म्हणून. शंबूकाची कथा उत्तरकांडात आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती उगाच नाही, त्या पुस्तकातल्या नियमांनी माणसांना पाणी नाकारलं होतं. मला हा आक्षेप शंभर टक्के मान्य आहे. कोणालाही न्यायाने वागवून घ्यायला कुठल्याही पोथीचा दाखला लागू नये, त्यासाठी आपल्याकडे संविधान आहे. पण माझं म्हणणं एवढंच की पोथी मी आणली नाही, ती साहेबांनी आणलीय, स्लाईडवर लावलीय, आणि एकदा आणली की मग पूर्ण उघडायची, त्यातला एकलव्य पण वाचायचा आणि विचारायचं की आपल्या ट्रेनिंगमध्ये, आपल्या प्रमोशनमध्ये कोणाचे अंगठे जातायत.

आणि प्राचीन म्हणजे फक्त संस्कृत असं कोणी सांगितलं? दीघ निकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहात, सिगालोवाद सुत्त आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करत असतो, बुद्ध त्याला सांगतात की या दिशा म्हणजे तुझ्या आयुष्यातली माणसं. आई-वडील पूर्व, गुरू दक्षिण, आणि खालची दिशा म्हणजे नोकर-चाकर, कामगार. खालच्या दिशेला नमस्कार करायचा तो पाच प्रकारांनी: ताकद बघून काम द्यायचं, जेवण आणि वेतन द्यायचं, आजारपणात काळजी घ्यायची, काही खास गोडधोड असेल तर त्यात वाटा द्यायचा, आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यायची. सुट्टी! अडीच हजार वर्षं जुनी गोष्ट आहे ही आणि आज स्विगी-झोमॅटोच्या पोराला पावसात घसरून पडला तर त्याचं आजारपण कोणाचं हे अजून नीट ठरलेलं नाही. बायबलमधल्या लेवीय नावाच्या पुस्तकात पण आहे की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळ होईपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको. कुठेही बघा, देणाऱ्यालाच बजावलंय.

आपल्याकडे १९३२ साली विनोबा धुळ्याच्या जेलमध्ये दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. बोलणारा कैदी, लिहिणारा कैदी, ऐकणारे कैदी. त्यामुळे तिथे निष्काम कर्म म्हटलं तरी त्याला वजन होतं, बोलणाऱ्याने स्वतः काही सोडून मग ते सांगितलं होतं. आणि महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना गेलेलं पत्र, राज्याभिषेकाच्या सुमाराचं, ते तर आपल्यातल्या बहुतेकांना शाळेपासून माहीत आहे. पावसाळा संपेपर्यंत दाणागवत पुरवून वापरा, संपवलंत तर मग शेतकऱ्यांच्या घरात शिरून त्यांना लुबाडाल, मग रयत म्हणेल याच्यापेक्षा मोगल बरे. दिवा जळता ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल इथपर्यंत सांगितलंय. छावणीच्या चाऱ्याची एवढी बारीक काळजी, आणि त्यात रयतेला सोसा म्हणून सांगणारं एक अक्षर नाही, सगळी ताकीद अधिकाऱ्यांना.

मग आज हे प्रश्न कोणी कोणाला विचारायचे? राजा राहिला नाही पण खुर्च्या आहेत, चेअरमन आहेत, एमडी आहेत, मंत्री आहेत, संस्थाचालक आहेत. आशा सेविकांचं मानधन थकतं, अंगणवाडी सेविकांना त्यासाठी मोर्चे काढावे लागतात. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचे कर्मचारी संपावर गेले ते २०२२ चा एप्रिल उजाडेपर्यंत, मागणी एसटी महामंडळाच्या सरकारात विलीनीकरणाची होती पण मुळाशी वेळेवर न होणारा, पुरेसा नसणारा पगार होताच. तेव्हा टीव्हीवर बसून लोक संपकऱ्यांना जनसेवेचा धर्म शिकवत होते. रामाने भरताला जे सांगितलंय त्याप्रमाणे बघितलं तर त्या चिडण्याचा जाब पगार देणाऱ्यालाच द्यावा लागतो.

साखर कारखान्यांचं तर एवढं स्पष्ट आहे की वेगळा अर्थ काढायची गरज नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची, नाही दिली तर वर्षाला १५ टक्के व्याज. तरी २०२२ ला राज्य सरकारने ती दोन टप्प्यांत द्यायची मोकळीक दिली आणि तो निर्णय २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, म्हणजे शेतकऱ्याला स्वतःच्याच उसाच्या पैशासाठी कोर्टात जावं लागलं. आणि गळीत हंगामाच्या सुरुवातीला याच कारखान्यांत बॉयलर पेटवताना, मोळी टाकताना पूजा होते, भाषणात प्रभू रामचंद्र येतात, शिवराय येतात. सप्टेंबरमध्ये वार्षिक सर्वसाधारण सभा होतात, मांडवात सभासद बसतात, अहवाल वाचायच्या आधीच पुढच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" सुरू होतं आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळे जेवायच्या पंगतीला. त्या मंजूर म्हणायच्या आधी एका सभासदाने उभं राहून माईक मागावा आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: किती शेतकऱ्यांचे पैसे १४ दिवसांनंतर दिले, त्याचं व्याज किती झालं आणि ते कोणाच्या खात्यात जमा केलं, आणि तोडणीला आलेल्या टोळीतलं कोणी हंगामात दगावलं असेल तर त्याच्या घरी काय पोचवलं. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं, आणि लिहीपर्यंत खाली बसू नये.